राणीच्या बागेच्या दाराशी घारापुरीचा हत्ती

भायखळ्याच्या राणीच्या बागेत (हल्लीचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान) शिरताना डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात काळ्या दगडाचा एक मोठा हत्ती उभा आहे. धामनोद-धारकडची आपली मंडळी मुंबईला गेली की पोराबाळांना घेऊन ही बाग बघतातच. प्राणी बघायला आलोय आणि दारात दगडी हत्ती, म्हणजे बागेची सजावट असणार, असं समजून लोक पुढे जातात. हल्ली तर पेंग्विनची घाई असते.

हा हत्ती बागेसाठी घडवलेलाच नाही. तो घारापुरी बेटावरचा. बेटाच्या दक्षिणेला, होडी लागायची त्या जागेजवळ तो होता. लांबी सुमारे 13 फूट, उंची 7 फुटांच्या वर. पोर्तुगीजांनी त्याला पाहूनच बेटाला एलिफंटा नाव दिलं. तिथेही तो येणाऱ्याला सामोरा जाणारा हत्तीच होता, लेण्यांपर्यंत चढून जायच्या आधी भेटणारा. मागे डोंगर, पुढे पाणी. एवढा जड, ठोकळेबाज आकार लांबून ओळखू यावा म्हणूनच तसा असावा, असं मला वाटतं. बारीक नक्षी होडीतून कोणाला दिसणार?

भायखळ्यात नेमकं हे लांबून येणंच हरवलंय. झाडं, फरसबंदी, शेजारी संग्रहालयाची भलीमोठी इमारत. माणूस एकदम हत्तीच्या कुशीशी जाऊन पोचतो. शिल्प तेच आहे, पण त्याला लागणारं अंतर बेटावरच राहिलं.

तो मोडला कसा, याची सांगोवांगी गोष्ट अशी की 1864 साली इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. गोष्ट सांगायला बरी आहे, पण अर्धीच. त्याची मान आणि डोकं 1814 सालीच गळून पडल्याची नोंद आहे. म्हणजे दगड पन्नास वर्षं आधीपासून तडकत होता. बेसाल्ट दाब भरपूर सोसतो, ताण सोसत नाही. त्याचा एक घनमीटर पावणेतीन-तीन टन भरतो. जुन्या भेगा असलेला असा धोंडा साखळीला टांगायचा म्हणजे काय होणार, हे साइटवर काम केलेला कोणीही सांगेल. तुकडे मुंबईला बागेत आणले गेले. ते जोडून हत्ती पुन्हा उभा करायला मात्र 1914 उजाडलं.

इथे मला आपल्या धारची लाट आठवते. गुजरातच्या बहादूरशहाला ती तिकडे न्यायची होती आणि काढताना ती पडून मोडली, असं जहांगीराने लिहून ठेवलंय. आज लाट मशिदीपुढे ओट्यावर तिचे तीन तुकडे आडवे ठेवलेत. मिळून 43 फुटांच्या वर भरतात, पण आडव्या लोखंडाकडे बघून त्या उंचीची कल्पना कोणाला येत नाही. मोडलेपण मात्र लपलेलं नाही. भायखळ्यात उलटं: हत्ती हत्ती म्हणून ओळखू येतो, आणि सांधे जवळ जाऊन शोधल्याशिवाय त्याच्यावर काय गुजरलं ते कळत नाही. दोन्हींत मला 1914 ची जोडणी जास्त पटते. प्राण्याचा आकार गेला असता तर उरला असता नुसता दगडांचा ढीग.

हत्ती घारापुरीला परत न्यावा, असं म्हणणारे आहेत. बेटावरची लेणी 1987 पासून जागतिक वारसा यादीत आहेत, त्यामुळे मागणीत वजन आहे. मनाने मीही त्यांच्याच बाजूचा. पण तुकड्यांतून सांधलेलं शिल्प पुन्हा उचलायचं, ट्रकवर घालायचं, तराफ्यावर चढवायचं, खाऱ्या वाऱ्यात उभं करायचं... नको. एकदा टांगून झालंय.

त्यापेक्षा हत्तीच्या पुढची जागा मोकळी ठेवावी, निदान 40-50 पावलांवरून तो अख्खा दिसेल एवढी. शेजारी 1814, 1864 आणि 1914 ही तिन्ही सालं मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहावीत. आणि घारापुरीच्या धक्क्याजवळ एक फलक लावावा: ज्याच्यावरून बेटाला एलिफंटा म्हणतात तो हत्ती आता भायखळ्याला आहे.