मुंबई आंदणात गेली, आणि नवरी?

कॅसलरॉकच्या फलाटावर पाहुण्यांना माहिती सांगताना मीही ते वाक्य बरीच वर्षं वापरलं: पोर्तुगीजांनी मुंबई इंग्रजांना आंदणात दिली. आपला घाटातला रेल्वेमार्ग याच दोन सत्तांच्या 1878 च्या तहातून आला, त्यामुळे जुन्या तहाचा उल्लेख ओघानेच येतो. पण वाक्य लंगडं आहे. आंदण जिच्याबरोबर गेलं, ती त्यात नाही.

तह 23 जून 1661 चा. नवरी ब्रागांझा घराण्याची कॅथरिन, नवरा इंग्लंडचा दुसरा चार्ल्स. टँजियर, मुंबई, वीस लाख क्रुझाडो एका बाजूला; स्पेनशी लढणाऱ्या पोर्तुगालला इंग्रज फौजेची मदत दुसऱ्या बाजूला. आयुष्यभर टेंडरं वाचलेल्या माणसाला हा कागद ओळखीचा वाटतो.

ताब्याची कथा आपण चवीने सांगतो. गोव्याचा व्हाइसरॉय आंतोनियो द मेलो द कास्त्रो याची टाळाटाळ, कारवारजवळच्या अंजदीव बेटावर ताटकळत मेलेला अब्राहम शिपमन आणि त्याचे शिपाई, 1665 चा ताबा, 1668 मध्ये वर्षाला दहा पौंडांवर कंपनीला दिलेलं बेट. सगळं खरं आहे. पण लंडनात काय चाललं होतं?

मे 1662 मध्ये पोर्टस्मथला लग्न लागलं. थोड्याच दिवसांत चार्ल्सने आपली रखेल, लेडी कॅसलमेन, राणीच्याच खास दासींत नेमायला काढली. तेवीस वर्षांच्या कॅथरिनने यादीतलं ते नाव खोडलं. राजाने तिची माहेरची बहुतेक माणसं परत धाडली. शेवटी तिनेच माघार घेतली. माझ्या मते कोंडी इथे आहे: ती रुसून लिस्बनला गेली असती, तर माहेरची फौजेची मदत धोक्यात आली असती.

तहाने तिला कॅथलिक उपासनेची मुभा दिली होती. तीच पुढे अंगावर आली. 1678 मध्ये टायटस ओट्सने तिच्यावर राजाला विष घालण्याच्या कटाचा आळ घेतला. मूलबाळ नव्हतं, काडीमोडाचे सल्ले राजाला मिळत होते. चार्ल्सने तिला टाकलं नाही, हे त्याच्या खाती मांडायलाच हवं. पण तेवढ्यावर हा संसार सुखाचा म्हणणं मला पटत नाही. (चहा तिनेच इंग्लंडला नेला, ही गोष्टही सोडा. तो तिच्याआधीच तिथे पोचला होता.)

चार्ल्स 1685 मध्ये वारला. तिला इंग्लंड सोडायला 1692 उजाडलं. पुढे 1704-05 मध्ये, भाऊ आजारी आणि स्पेनशी लढाई चालू असताना, पोर्तुगालचा कारभार तिनेच पाहिला. त्याला आपल्या टिपणांत एक ओळ मिळत नाही; माझ्याही नव्हती.