दहा माणसं, चार तास आणि ठरवून घेतलेला हॉल

संशोधनाच्या तयारीत आपण शोधनिबंध वाचायला शिकतो. पण आकडे फक्त शोधनिबंधातच नसतात, पत्रकांत, भाषणांत आणि ‘दिन’ साजरे करण्यातही असतात. आज असाच एक दिन तपासायला घेऊ : ग्लोबल मीटिंग्ज इंडस्ट्री डे.

परिषदा, प्रदर्शनं, कंपन्यांच्या बैठका भरवणाऱ्या व्यावसायिकांचा हा दिवस २०१६ पासून, साधारण एप्रिलच्या सुमारास, जगभर पाळला जातो. साजरा करायच्या पद्धती ठरलेल्या आहेत : इमारतींवर रोषणाई, महापौरांचं घोषणापत्र, चर्चासत्र, हॅशटॅग. या क्षेत्राचं मोल लोकांना कळावं हा हेतू चांगलाच आहे. माझा आक्षेप आहे तो त्यासाठी पुढे केल्या जाणाऱ्या पुराव्याला.

हा पुरावा म्हणजे ऑक्सफर्ड इकॉनॉमिक्सने इव्हेंट्स इंडस्ट्री कौन्सिलसाठी केलेला, २०१८ मध्ये आलेला अभ्यास. तो सांगतो की २०१७ साली १५० कोटींहून जास्त लोकांनी अशा कार्यक्रमांत भाग घेतला, थेट खर्च १.०७ लाख कोटी डॉलर झाला, आणि १ कोटी ३ लाख लोकांना थेट रोजगार मिळाला. अप्रत्यक्ष परिणाम धरले की रोजगार २ कोटी ६० लाखांवर जातो.

आता तीन प्रश्न विचारूया.

पहिला : मोजलं काय? व्याख्या बघा. किमान दहा माणसं, किमान चार तास, करार करून घेतलेली जागा. सामाजिक आणि करमणुकीचे कार्यक्रम वगळलेले. आता ही पट्टी घेऊन मुंबईच्या गणेशोत्सवात या. केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून आणि लालबागच्या राजाकडे १९३४ पासून माणसं मंडप, वीज, रांगा, पाणी, प्रथमोपचार, विसर्जन हे सगळं सांभाळतायत. राज्य सरकारने २०२५ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सवाला राज्य महोत्सवही केलं. पण या व्याख्येत तो बसतच नाही. व्यावसायिक बैठका मोजायच्या असतील तर अशी व्याख्या करण्यात काही गैर नाही, अभ्यासकांनी ती उघड लिहिलीही आहे. गडबड होते ती नंतर. व्यासपीठावरून आकडा सांगितला जातो तेव्हा व्याख्या गळून पडते आणि ‘कार्यक्रम करणारे सगळे’ असा अर्थ घेतला जातो.

दुसरा : हे झालं नसतं तर? समजा दादरचं एक कुटुंब दर्शनाला आलं आणि लालबागच्या बाजारातून २०० रुपयांचा चिवडा घेऊन गेलं. लालबागसाठी हे २०० रुपये नवे. पण त्या कुटुंबाने तेच पैसे एरवी दादरच्या दुकानात घातले असते, तर मुंबईच्या हिशेबात भर किती? शून्य. एकूण खर्च आणि निव्वळ भर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खर्चाचा आकडा ‘किती उलाढाल झाली’ एवढंच सांगतो, ‘कार्यक्रमामुळे किती वाढलं’ हे सांगत नाही. त्यासाठी तुलना लागते. प्रयोगशाळेत आपण नियंत्रण गट ठेवतो तो याचसाठी.

तिसरा : १ कोटी ३ लाखांचे २ कोटी ६० लाख कसे झाले? इथे कोणी डोकी मोजलेली नाहीत. एका क्षेत्रातल्या खर्चाने दुसऱ्या क्षेत्रांत किती काम निर्माण होतं, याचं प्रतिमान वापरून काढलेला तो अंदाज आहे. अंदाज काढणं वाईट नाही. पण मोजलेली संख्या आणि गृहीतकांवर उभी असलेली संख्या एका ओळीत, एकाच ठामपणे लिहिली की वाचणाऱ्याला फरक कळत नाही.

यात खरं नुकसान कोणाचं? खर्च हेच माप धरलं की मंडळाच्या कार्यकर्त्याच्या रात्रभराच्या फुकट श्रमाची किंमत शून्य येते. बांबू बांधणाऱ्या मजुराला कमी पैसे दिले तर त्याचं कामही आकड्यात कमीच दिसतं. म्हणजे ज्याला सगळ्यात कमी मिळतं, तो या मोजणीत सगळ्यात लहान. आणि दिवस मात्र पडद्यामागच्या माणसांचा!

दिन कसा पाळावा, याचा एक नमुना आपल्याकडेच आहे. ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन असतो. त्या दिवशी रंगमंचाची पूजा होते, तीही रोषणाईसारखी प्रतीकात्मकच. पण नाटकवाल्यांची रोजची एक सवय मला जास्त मोलाची वाटते. पडदा उघडण्याआधी नेपथ्य कोणाचं, प्रकाशयोजना कोणाची, हे नावानिशी सांगितलं जातं. सगळ्या रंगमंच कामगारांपर्यंत ती यादी पोचत नाही, हे खरं. तरी सुरुवात नावापासून होते. मीटिंग्जच्या दिवशी प्रत्येक आयोजकाने एकाच कार्यक्रमाची पूर्ण नोंद जाहीर करावी : कोणी काम केलं, किती तास, किती मोबदला, घरी जायला गाडी होती का. रोषणाईपेक्षा हे स्वस्त पडेल. अवघडही जाईल, कारण मग उत्तरं द्यावी लागतील.

तुमच्यासाठी गृहपाठ. विभागात पुढचं चर्चासत्र होईल तेव्हा तीन रकाने आखा : मोजलेलं, अंदाजाने काढलेलं, मोजलंच नाही. खुर्च्या लावणाऱ्या मामांचे तास कुठल्या रकान्यात जातात ते बघा. आणि अहवालात ‘कार्यक्रम यशस्वी झाला’ असं लिहायची वेळ आली, तर कशावरून, हे आधी विचारा.