लेड झेपेलिन थोर की चोर? एका चुकीच्या प्रश्नाची चिरफाड

लेड झेपेलिन या इंग्लिश रॉक बँडच्या चाहत्यांमध्ये एक वाद गेली कित्येक दशकं चालू आहे. एक बाजू म्हणते, असा बँड पुन्हा झाला नाही. दुसरी म्हणते, अहो, यांनी काळ्या ब्लूज कलाकारांची गाणी उचलली, त्यावर स्वतःची नावं घातली आणि गडगंज झाले. मग पहिली बाजू म्हणते, ब्लूजमध्ये सगळेच एकमेकांकडून घेतात. दुसरी म्हणते, मग कोर्टात पैसे का मोजावे लागले? आणि गाडी परत पहिल्या स्टेशनवर.

तुम्ही हा बँड कधी ऐकला नसेल तरी बिघडत नाही. आज त्याच्याबद्दल लिहितेय ते संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठीच. सिनॉप्सिस लिहिताना सगळ्यात जास्त जे घडतं तेच या वादात घडलंय: एका वाक्यात तीन प्रश्न कोंबलेत. एकाचा पुरावा दुसऱ्याच्या उत्तरासाठी वापरला जातोय. म्हणून वाद संपत नाही.

ते तीन प्रश्न असे:

१. हे गाणं कुठून आलं? (हा इतिहासाचा प्रश्न.)
२. कोणाचं काय देणं लागतं? (हा न्यायाचा.)
३. ऐकताना हे गाणं काय करतं? (हा समीक्षेचा.)

आता एकेक गाणं घेऊन बघू. माझं स्वतःचं मतही सांगणार आहे, पण शेवटी.

आधी कागदपत्रं

बँड १९६८ साली लंडनमध्ये जमला. गिटारवर जिमी पेज, गायला रॉबर्ट प्लांट, बेस आणि कीबोर्डवर जॉन पॉल जोन्स, ड्रम्सवर जॉन बॉनहॅम. पहिला अल्बम जानेवारी १९६९ मध्ये आला. सप्टेंबर १९८० मध्ये बॉनहॅम गेला आणि त्याच डिसेंबरात बाकीच्यांनी बँड थांबवला. म्हणजे सगळा कारभार बारा वर्षांचा.

त्या पहिल्या अल्बमवर ‘डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड’ नावाचं गाणं आहे. श्रेय एकट्या जिमी पेजला. पण याच नावाचं गाणं जेक होम्स या अमेरिकन गायकाच्या १९६७ च्या अल्बमवर आहे. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये होम्सनं यार्डबर्ड्सच्या आधी कार्यक्रम केला होता आणि त्या वेळी यार्डबर्ड्समध्ये गिटार वाजवत होता जिमी पेज. होम्सनं २०१० मध्ये दावा लावला, तो तडजोडीनं मिटला. २०१२ साली बँडचं जुन्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग बाजारात आलं, त्यावर पेजच्या नावासोबत होम्सपासून प्रेरणा घेतल्याचा उल्लेख आला.

त्याच अल्बमवरचं ‘बेब आयम गॉना लीव्ह यू’ पारंपरिक म्हणून छापलं गेलं. ते पारंपरिक नव्हतं. ॲन ब्रेडन या बाईंनी ते १९५० च्या दशकात लिहिलं होतं आणि पुढे जोन बाएझनं गायलं होतं. ब्रेडन यांचं नाव १९९० नंतरच्या आवृत्त्यांवर आलं.

दुसऱ्या अल्बमवरच्या ‘होल लॉटा लव्ह’चे बरेचसे शब्द विली डिक्सनच्या ‘यू नीड लव्ह’शी जुळतात. ते गाणं मडी वॉटर्सनं १९६२ मध्ये रेकॉर्ड केलं होतं. डिक्सननं १९८५ मध्ये दावा केला, तोही तडजोडीनं मिटला आणि डिक्सनचं नाव लागलं. ‘द लेमन साँग’ला हाउलिन वुल्फच्या ‘किलिंग फ्लोअर’साठी असंच नंतर श्रेय द्यावं लागलं.

इथवरचं सगळं पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. ते बऱ्यापैकी पक्कं आहे, कारण तारखा आहेत, रेकॉर्डं आहेत, बदललेली लेबलं आहेत. यावर वाद घालण्यात अर्थ नाही. ‘चोर’ हा शब्द मात्र यातून आपोआप निघत नाही. तो दुसऱ्या प्रश्नातला शब्द आहे.

‘तेव्हा तशीच पद्धत होती’

चाहत्यांचा सगळ्यात आवडता बचाव हा. ब्लूजमध्ये ओळी, चाली, उपमा या गायकाकडून त्या गायकाकडे फिरत असतात, कोण पहिला हे सांगता येत नाही. हे म्हणणं खोटं नाही. पण संशोधक म्हणून तुम्ही काय विचाराल? विचाराल, की हा बचाव तपासून बघायची काही सोय आहे का?

आहे, आणि त्यासाठी दुसऱ्या अल्बमकडेही जायची गरज नाही. पहिल्याच अल्बमवर ‘यू शुक मी’ आणि ‘आय कान्ट क्विट यू बेबी’ ही दोन गाणी आहेत आणि दोन्हींवर पहिल्या दिवसापासून विली डिक्सनचं नाव आहे. म्हणजे बँड तोच, स्टुडिओ तोच, काळ तोच, रेकॉर्ड कंपनी तीच. दोन गाण्यांना श्रेय आहे आणि दोन गाण्यांना नाही. काळाची पद्धत हे कारण असतं, तर ते सगळ्या गाण्यांना सारखं लागू झालं असतं. प्रयोगशाळेत आपण याला नियंत्रित तुलना म्हणतो. इथे ती तबकडीवरच तयार मिळते.

मग फरक कशामुळे? ज्या गाण्यांचं नाव आणि शब्द तसेच ठेवले तिथे श्रेय दिलं. जिथे शब्द किंवा मांडणी बदलली तिथे ते स्वतःचं मानलं. पेजनं १९९० च्या दशकात एका मुलाखतीत साधारण असंच सांगितलं होतं की शब्द बदलण्याचं काम गायकाचं होतं आणि ते दर वेळी झालं नाही. म्हणजे प्रश्न परंपरेचा नव्हता. किती बदल केला की वस्तू आपली होते, याची एक रेघ त्यांनी मनात आखली होती आणि ती स्वतःच्या सोयीनं आखली होती. ही रेघ तुमच्याही ओळखीची आहे. परिच्छेदातले शब्द फिरवले की संदर्भ द्यायला नको, असं मानणारे प्रबंध काही कमी नाहीत.

एक सावधगिरी मात्र बाळगा. श्रेयाची यादी हे साधन आहे, सत्य नाही. पहिला अल्बम आला तेव्हा त्यावर गीतकार म्हणून प्लांटचं नाव कुठेच नव्हतं. कारण त्यानं काही लिहिलं नाही असं नाही. आधीच्या एका कराराची अडचण होती, असं कारण सांगितलं जातं. आणि श्रेय म्हणजे पैसा असंही नाही. डिक्सन आणि मडी वॉटर्स यांना सत्तरच्या दशकात आपल्याच प्रकाशन कंपनीविरुद्ध हक्काच्या पैशांसाठी दावा लावावा लागला होता. लेबलवर नाव असूनही. तेव्हा ‘त्यांना श्रेय मिळालं का’ आणि ‘त्यांना न्याय मिळाला का’ हे दोन वेगळे रकाने ठेवा. पुढे याच डिक्सननं ब्लूज कलाकारांना हक्क मिळवून द्यायला ब्लूज हेवन फाउंडेशन काढलं. त्याला हा फरक स्वतःच्या अनुभवातून कळला होता.

कोर्टानं नक्की काय ठरवलं?

बँडच्या बाजूचे चाहते २०२० नंतर एक वाक्य फेकतात: कोर्टानं त्यांना निर्दोष सोडलं. हे वाक्य नीट वाचायला शिका, कारण तुम्हीही शोधनिबंधांचे निष्कर्ष असेच वाचणार आहात.

तो खटला ‘स्टेअरवे टु हेवन’बद्दल होता. स्पिरिट या बँडच्या ‘टॉरस’ या १९६८ च्या तुकड्यावरून त्याची सुरुवात घेतली, असा दावा होता. डिसेंबर १९६८ मध्ये डेन्व्हरला दोन्ही बँड एकाच मंचावर वाजवून गेले होते. ‘टॉरस’ लिहिणारा रँडी कॅलिफोर्निया १९९७ मध्ये वारला. त्याच्या वारसा-ट्रस्टनं २०१४ मध्ये दावा लावला. २०१६ मध्ये लॉस एंजेलिसच्या ज्युरीनं सांगितलं की पेज आणि प्लांट यांना ते गाणं माहीत असण्याची संधी होती, पण दोन्ही रचना कायद्याच्या अर्थानं सारख्या नाहीत. मध्ये एकदा अपिलात फेरसुनावणीचा हुकूम झाला आणि २०२० मध्ये मोठ्या पीठानं ज्युरीचाच निकाल कायम केला.

आता गंमत बघा. सारखेपणा ठरवण्यासाठी ज्युरीला ‘टॉरस’ची मूळ रेकॉर्ड ऐकवली गेली नाही. त्या काळी लागू असलेल्या १९०९ च्या कायद्यानुसार संरक्षण होतं ते कॉपीराइट कार्यालयात जमा केलेल्या स्वरलिपीच्या कागदाला. म्हणून तुलना झाली कागदाशी. जे आपण कानानं ऐकतो, म्हणजे गिटारचा पोत, लय, बोटांचा स्पर्श, ते त्या कागदावर जवळजवळ नसतंच. शिवाय ज्या उतरत्या स्वररचनेवरून भांडण होतं तशा रचना पाश्चात्त्य संगीतात शेकडो वर्षं आहेत. १६८० च्या दशकातल्या पर्सेलच्या ऑपेरातही तसा उतरता बेस सापडतो.

तेव्हा निकाल चूक होता असं मला म्हणायचं नाही. माझ्या कानाला तो योग्यच वाटतो. पण त्यानं उत्तर दिलं एका गाण्याबद्दल, एका कायद्याखाली, एका कागदावरून. ‘होल लॉटा लव्ह’बद्दल त्यानं चकार शब्द काढलेला नाही. उलट बाजूनंही तेच: तडजोड म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे. निष्कर्षाला त्याच्या पुराव्यापेक्षा लांब पळवू नका.

आणि संगीत?

राहिला तिसरा प्रश्न, आणि चाहते नेमका त्यावरच सगळ्यात कमी बोलतात. थोरपणा गृहीत धरतात किंवा नाकारतात. दाखवत नाहीत.

मी एक गाणं दाखवते: ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’. मिसिसिपी नदीला १९२७ मध्ये प्रचंड पूर आला, त्यावर कॅन्सस जो मॅकॉय आणि मेम्फिस मिनी या जोडप्यानं १९२९ मध्ये हे गाणं रेकॉर्ड केलं. मूळ रेकॉर्ड ऐका. दोन गिटारी, एक आवाज, चालत्या गाडीसारखी हलकी लय. पुराची बातमी शेजारी येऊन सांगावी तसं ते गायलंय.

झेपेलिननं ते १९७१ मध्ये घेतलं. हॅम्पशरमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या इमारतीत बॉनहॅमचे ड्रम्स जिन्याखालच्या उंच दालनात मांडले आणि ध्वनिमुद्रक अँडी जॉन्सनं वरच्या मजल्यावरून माइक खाली सोडले. त्यामुळे ड्रमच्या ठोक्यासोबत त्या दालनाची पोकळीही रेकॉर्ड झाली. लय संथ केली. इथे पुराची बातमी कोणी सांगत नाही, पाणीच चढत येतं. १९८६ मध्ये बीस्टी बॉइजनी हेच ड्रम्स उचलून आपल्या गाण्याखाली घातले, म्हणजे घेणाऱ्यांकडूनही घेतलं गेलं.

माझं मत असं: झेपेलिनचं मोठेपण शब्दांत नाही, चालींतही फारसं नाही. ते आवाज घडवण्यात आहे. जागा, अंतर, वजन या गोष्टी त्यांनी रचनेचा भाग केल्या. ‘होल लॉटा लव्ह’चे शब्द डिक्सनचे, पण तो गिटारचा ठाशीव, परत परत येणारा तुकडा मडी वॉटर्सच्या रेकॉर्डमध्ये नाही. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत.

आणि इथेच माझी खरी तक्रार सुरू होते. ‘लेव्ही’वर पहिल्यापासून मेम्फिस मिनीचं नाव आहे. त्यामुळे ते गाणं लहान झालं का? मुळीच नाही. उलट मूळ शोधून ऐकल्यावर यांनी काय केलं ते जास्त कळतं. म्हणजे ज्या गाण्यांवर नाव दिलं नाही, तिथे ते न देण्यानं कलेचा काहीही फायदा नव्हता. फायदा फक्त हिशेबाच्या वहीत होता. बचाव करणारे चाहते म्हणूनच स्वतःच्या लाडक्या बँडवर अन्याय करतात. मूळ गाणी झाकून ठेवली की बँडनं घातलेली भरही दिसेनाशी होते.

तरी तिथेही एक नाव गळलंच. १९२९ च्या रेकॉर्डवर गाणारा आवाज मॅकॉयचा आहे आणि झेपेलिनच्या श्रेयात तो नाही. तो १९५० मध्येच वारला होता.

आपल्या मुंबईचाही या हिशेबात एक छोटा कोपरा आहे. १९७२ मध्ये पेज आणि प्लांट यांनी इथल्या स्टुडिओत भारतीय वादकांबरोबर ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही दोन गाणी पुन्हा वाजवून घेतली. ती अधिकृतपणे बाहेर आली २०१५ मध्ये. गाण्याच्या नावापुढे कंसात लिहिलंय: बॉम्बे ऑर्केस्ट्रा. तबला आणि सारंगी ऐकू येतात, पण वाजवणारे हात त्या दोन शब्दांत मावून जातात. कोणाला संगीताच्या इतिहासात विषय हवा असेल तर हा घ्या. त्या पिढीचे वादक आता फार उरलेले नाहीत, तेव्हा उशीर करू नका.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

आरआरसीसमोर बसण्याआधी आपल्या प्रश्नाला हे तीन प्रश्न विचारा. माझ्या एका वाक्यात किती प्रश्न आहेत? प्रत्येकाचा पुरावा कुठला आणि तो कुठवर पुरतो? काय सापडलं तर मी माझं मत बदलेन?

तिसऱ्याचं माझं उत्तर सांगते. पहिल्या अल्बमवर डिक्सनचं नाव नसतं, तर ‘तेव्हा तशीच पद्धत होती’ हे मी मान्य केलं असतं. ते नाव तिथे आहे. म्हणून थोर की चोर यातला एक शब्द निवडायला मी तयार नाही. बँड थोर होता आणि त्यानं देणं बुडवलं होतं. या वाक्यातल्या ‘आणि’च्या जागी ‘पण’ घालायचा मोह होईल. घालू नका. ‘पण’ घातला की एक बाजू दुसरीला खाऊन टाकते.

आता हेडफोन लावा. आधी १९२९ चं ऐका, मग १९७१ चं. याच क्रमानं.