नकाशा प्रक्षेपणांचे संगणकाधारित अध्यापन : नाशिकच्या संदर्भात एक चिकित्सा

नकाशा प्रक्षेपण हा प्रात्यक्षिक भूगोलातील महत्त्वाचा घटक होय. पूर्वी अक्षवृत्त-रेखावृत्तांची जाळी गणिताने काढून पट्टी व कंपासच्या साहाय्याने रेखाटली जाई. क्यूजीआयएससारख्या मुक्त संगणकप्रणालीमुळे आता प्रक्षेपण क्षणात बदलता येते. ही सोय स्वागतार्ह असली, तरी तिच्या अध्यापनातील वापराची चिकित्सा होणे आवश्यक आहे.

विरूपण समजावताना बहुधा ग्रीनलँडचे उदाहरण दिले जाते. मर्केटरने 1569 मध्ये मांडलेल्या प्रक्षेपणात ग्रीनलँड आफ्रिकेएवढे भासते. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे 14 पट आहे. उदाहरण प्रभावी आहे. परंतु विरूपण ही ध्रुवांकडील प्रदेशांचीच बाब होय, असा समज त्यातून दृढ होण्याचा संभव असतो.

नाशिक शहर 20 अंश उत्तर अक्षवृत्तालगत वसलेले आहे. येथे मर्केटर प्रक्षेपणात लांबी सुमारे 6 टक्क्यांनी, तर क्षेत्रफळ सुमारे 13 टक्क्यांनी वाढते. संगणकावरील बहुतेक पार्श्वनकाशे याच प्रक्षेपणाच्या एका रूपात असतात. त्यावर निफाड परिसरातील 100 हेक्टर द्राक्षक्षेत्र रेखाटून सपाट प्रतलावरील क्षेत्रफळ काढल्यास उत्तर सुमारे 113 हेक्टर येते. तेच क्षेत्र यूटीएमच्या 43 उत्तर या विभागात मोजल्यास त्रुटी एक दशांश टक्क्याहूनही कमी राहते. दोन्ही प्रक्षेपणांत लहान प्रदेशाचा आकार कायम राहत असल्याने पडद्यावर फरक जाणवत नाही. चूक चित्रात नसून आकड्यात असते.

संगणकप्रणाली भिन्न प्रक्षेपणांतील स्तर आपोआप जुळवून दाखविते. पृथ्वीची वक्रता विचारात घेणारे मापन निवडलेले असल्यास उत्तरही बरोबर येते. मात्र ते बरोबर का आले, हे विद्यार्थ्यास उमगत नाही. अशा वेळी प्रात्यक्षिक म्हणजे केवळ कळा दाबण्याचा सराव ठरतो.

यावर उपाय म्हणजे जुन्या पद्धतीकडे परतणे नव्हे. विद्यार्थ्याने प्रथम 20 अंशांच्या कोसाइनवरून (0.94) लांबीचे वाढ-गुणक 1.064 व त्याच्या वर्गावरून क्षेत्रफळाचे 1.13 हाताने काढावे. त्यानंतर आपल्याच तालुक्याचे क्षेत्रफळ दोन प्रक्षेपणांत मोजून ते पडताळावे आणि प्रात्यक्षिक वहीत प्रक्षेपण-निवडीचे कारण लिहावे. मूल्यमापनात सुबक नकाशाइतकेच गुण या कारणास असावेत. तरच संगणक अध्यापनाचे साधन ठरेल, आकलनाचा पर्याय नव्हे.