मल्लखांबातला मल्ल, स्केटिंगमधली फिगर

१९९०च्या मार्चमध्ये कॅनडातल्या हॅलिफॅक्स शहरात फिगर स्केटिंगची जागतिक स्पर्धा झाली. जपानची मिदोरी इतो त्या वेळची गतविजेती. आदल्या वर्षी तिनं हे विजेतेपद मिळवलं तेव्हा अशी कामगिरी करणारी ती आशियातली पहिली खेळाडू ठरली होती. हॅलिफॅक्सलाही संगीतावरच्या दोन्ही फेऱ्यांत ती पहिली आली. तरी सुवर्णपदक गेलं अमेरिकेच्या जिल ट्रेनरीकडे. कारण या दोन फेऱ्यांच्या आधी आणखी एक फेरी असायची आणि तिथं इतो दहावी आली होती.

त्या फेरीत संगीत नसे, उड्या नसत. कोऱ्या बर्फावर एका पायावर तोल सावरत आठच्या आकड्यासारखी आकृती काढायची, मग त्याच रेघेवरून पुन्हा पुन्हा जायचं. परीक्षक वाकून बर्फावरची रेघ तपासायचे. अशा ४१ ठरलेल्या आकृत्या होत्या. फिगर स्केटिंगमधली ‘फिगर’ ती हीच. एके काळी एकूण गुणांतले ६० टक्के गुण या फेरीला होते. हॅलिफॅक्सच्या स्पर्धेनंतर ती फेरी जागतिक स्पर्धांमधून कायमची गेली. खेळाचं नाव मात्र तेच राहिलं.

हे सगळं मी बुलढाणा जिल्ह्यात बसून लिहितोय. आमच्याकडे बर्फ दिसतो तो गोळ्याच्या गाडीवर नाहीतर रसवंतीत. पोरं स्केटिंग करतात ती चाकांवर. तसा भारताचाही या खेळाशी संबंध बराचसा चाकांवरचाच. शिमल्यात १९२०पासून नैसर्गिक बर्फाची रिंक आहे, पण मोठं पदक आलं ते २०१०च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत, रोलर स्केटिंगच्या कलात्मक प्रकारात. अनुप कुमार यामा यानं एकेरीत कांस्य मिळवलं आणि अवनी पांचाळसोबत जोडीच्या प्रकारातही कांस्य मिळवलं. तेव्हा या खेळाकडे मी वळलो तो बर्फाच्या ओढीनं नव्हे. मला त्यात आपल्या मल्लखांबाचा प्रश्न दिसला.

प्रश्न असा: एखादा खेळ जगाचा होतो तेव्हा तो काय सोडून देतो? आणि ते सोडायची आपली तयारी आहे का?

नावातून निघून गेलेला माणूस

मल्लखांब म्हणजे मल्लाचा खांब. पैलवानानं अंगाला लवचीकपणा आणि पकडीला बळ यावं म्हणून ज्याच्याशी झटायचं तो लाकडी जोडीदार. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात त्याचा उल्लेख सापडतो असं सांगतात. पेशवाईच्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी त्याला नवा जन्म दिला. अढी, तेढी, बगली, दसरंग, फिरकी, सुईदोरा ही सगळी नावं आखाड्यातून आलेली आहेत.

पण आज एरंडेल लावलेल्या खांबावर चढणाऱ्या मुलामुलींपैकी कुस्ती खेळणारं एखादंच सापडेल. कुस्ती मॅटवर गेली, मल्लखांब स्वतंत्र खेळ झाला. वेताचा मल्लखांब होता, पण चांगला वेत मिळेनासा झाला तेव्हा त्याच्या जागी सुती दोर आला. त्या दोरानं मुलींसाठी या खेळाचं दार उघडलं. म्हणजे फिगर स्केटिंगमधून फिगर गेली तसा मल्लखांबातून मल्ल केव्हाच गेला. आपण त्याचं सुतक पाळलं नाही, आणि ते बरंच झालं.

हे आधी सांगायचं कारण असं की मल्लखांबावर मराठीत जे काही लिहिलं-बोललं जातं, त्यातलं निम्मं ‘अस्सल’ या शब्दाभोवती फिरतं आणि उरलेलं निम्मं ‘ऑलिंपिक’ या शब्दाभोवती. खेळ जसाच्या तसा राहिला पाहिजे आणि तो साऱ्या जगानं खेळला पाहिजे, या दोन्ही इच्छा आपण एकाच दमात बोलून दाखवतो. त्या एकमेकींच्या आड येतात, हे फिगर स्केटिंगचा इतिहास दाखवून देतो.

प्रात्यक्षिक आणि स्पर्धा

आमच्या विभागाचं ठिकाण असलेल्या अमरावतीत १९१४ साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू झालं. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकानं तिथं भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली. पारतंत्र्यातल्या देशातून, वऱ्हाडातून निघालेली माणसं बर्लिनला पोचली, याचा अभिमान आम्हाला आजही आहे.

पण प्रात्यक्षिक म्हणजे काय, याचा विचार आपण फारसा केलेला नाही. प्रात्यक्षिकात करणारा एक असतो आणि बघणारा दुसरा. बघणारा टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. त्याला खांबावर चढावं लागत नाही, आणि करणाऱ्याला हरायची भीती नसते. बर्लिननंतर कित्येक दशकं परदेशात मल्लखांब गेला तो बहुतेक याच रूपात. २०२३मध्ये छत्तीसगडमधल्या नारायणपूरच्या अबूझमाड मल्लखांब अकादमीच्या मुलांनी ‘इंडियाज गॉट टॅलेंट’ जिंकलं. तुमच्यापैकी कित्येकांनी मल्लखांब पहिल्यांदा पाहिला तो या मुलांच्या रीळमध्येच. मुलं अफाट होती. पण तोही प्रयोगच. तिथं निकाल लागतो तो ‘वा!’ कुणाला जास्त मिळाला यावर. अढी नीट बसली की नाही, हे कुणी विचारत नाही.

देशातल्या स्पर्धांचा इतिहास मात्र चांगला जुना आहे. १९५८मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धेत मल्लखांब दिसला, १९६२मध्ये ग्वाल्हेरला त्याची राष्ट्रीय स्पर्धा झाली, १९८१मध्ये मल्लखांबाचा स्वतंत्र महासंघ उभा राहून उज्जैनला स्पर्धा भरली. जागतिक स्पर्धेला २०१९ साल उजाडलं. फेब्रुवारीत मुंबईच्या शिवाजी पार्कवर १५ देशांचे खेळाडू आले. त्यामागे १९२५ सालच्या दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराचे आणि उदय देशपांडे यांचे वर्षानुवर्षांचे कष्ट होते. देशपांडे यांना २०२४मध्ये पद्मश्री मिळाली. त्या स्पर्धेत मुलींमध्ये पहिली आलेली हिमानी परब हिला पुढे अर्जुन पुरस्कारही मिळाला. सांघिक विजेतेपद भारतानं पटकावलं, बाकीचे देश कुठल्या कुठे मागे राहिले.

आपल्या बातम्यांनी या शेवटच्या वाक्याचा जल्लोष केला. मला तिथंच थोडं थांबावंसं वाटतं. ज्या खेळात आपण हरूच शकत नाही, तो अजून जगाचा झालेला नाही.

ज्यांनी खेळ घडवला ते हरले

फिगर स्केटिंगमध्ये हे कसं घडलं ते पाहा. पहिली जागतिक स्पर्धा १८९६मध्ये सेंट पीटर्सबर्गला झाली. खेळाडू होते चार, सगळे युरोपातले पुरुष. १९०२मध्ये इंग्लंडच्या मॅज सायर्सनं थेट पुरुषांच्या स्पर्धेत नाव घातलं, कारण बाईनं उतरू नये असं नियमात लिहिलेलंच नव्हतं. ती दुसरी आली. मग नियम झाला! पुढे १९०६मध्ये बायकांची वेगळी स्पर्धा सुरू करावी लागली.

१९७२च्या साप्पोरो ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रियाच्या ट्रिक्सी शूबानं आकृत्यांच्या जोरावर सुवर्ण जिंकलं. संगीतावरच्या फेरीत ती सातवी होती. त्या फेरीत पहिली आलेल्या अमेरिकेच्या जॅनेट लिनला कांस्यावर समाधान मानावं लागलं. टीव्हीवाल्यांनी आकृत्या काही दाखवल्या नव्हत्या, त्यामुळे घरी बसलेल्या प्रेक्षकाला हा निकाल कळेना. हळूहळू आकृत्यांचं वजन घटत गेलं आणि शेवटी ती फेरीच गेली.

यात तोटा झाला, तो नाकारू नये. आकृत्या म्हणजे या खेळाची बाराखडी होती. पण ती बाराखडी गिरवायला रोज तासन्‌तास कोरा बर्फ लागायचा, आणि तो सहज मिळायचा श्रीमंत, थंड देशांत, जुन्या क्लबांच्या सभासदांना. ती फेरी गेल्यावर मैदान मोकळं झालं. आज जपानी स्केटर या खेळात अव्वल आहेत. ज्यांनी खेळ घडवला ते देश त्यात हरायला लागले, आणि खेळ जिवंत राहिला.

दुसरी गोष्ट परीक्षकांची. २००२च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये जोडीच्या निकालावरून गदारोळ झाला, फ्रेंच परीक्षकावर दबावाचे आरोप झाले आणि शेवटी दोन जोड्यांना सुवर्ण द्यावं लागलं. सहापैकी गुण द्यायची जुनी पद्धतच मोडीत निघाली. माणूस डोळ्यांनी पाहून गुण देतो अशा प्रत्येक खेळाला हे दुखणं आहे, मल्लखांबही त्यातलाच. नियम आपले, परीक्षक बहुतेक आपले आणि विजेतेही आपलेच असतील, तर परदेशातली मुलगी पाचव्या वर्षी कशाला परत येईल?

मग सोडायचं काय?

माझं मत असं. लाकूड सोडावं लागलं तर सोडू. साग-शिसवाचा खांब जगभर पाठवणं अवघड आहे, दोर मात्र कुठल्याही छताला टांगता येतो, म्हणून दोराला दुय्यम मानणं आधी थांबवू. वेत सोडला तेव्हा आपलं काही बुडालं नव्हतं. विजेतेपद सोडू; तशीही देशातच त्याची वाटणी सुरू आहे. मध्य प्रदेशानं २०१३मध्ये मल्लखांबाला राज्याचा खेळ केलं आणि नारायणपूरची आदिवासी मुलं कुणाच्या परवानगीची वाट बघत बसली नाहीत. याचं वाईट वाटून घेणाऱ्या मराठी माणसाला अजून शूबाची गोष्ट कळलेली नाही.

पण दोन गोष्टी सोडू नयेत. एक, पकडीचा नियम. मल्लखांबात शरीर लाकडाला किंवा दोराला बिलगून असतं. अढीत तळव्यांपेक्षा मांड्यांचं आणि पायांचं काम मोठं. टाळ्यांसाठी नुसत्या उड्या वाढत गेल्या तर उरेल ते दुय्यम दर्जाचं जिम्नॅस्टिक्स, आणि ते जगात आधीच उत्तम चालू आहे. दुसरी गोष्ट नावांची. अॅक्सेल उडी नॉर्वेच्या अॅक्सेल पॉलसनची, साल्कोव्ह स्वीडनच्या उलरिख साल्कोव्हची, लुट्झ ऑस्ट्रियाच्या अलोइस लुट्झची. मिदोरी इतो ट्रिपल अॅक्सेल मारायची तेव्हा पदक जपानला जायचं, पण समालोचकाच्या तोंडी नाव नॉर्वेच्या माणसाचं यायचं. ज्युदोनं जपानी शब्द ठेवले, बॅलेनं फ्रेंच. आपल्या नियमपुस्तकात दसरंग दसरंगच राहू दे, त्याचं इंग्रजी भाषांतर करायचा मोह नको.

हे मला निव्वळ अस्मितेपोटी वाटत नाही. आमच्या तालुक्याच्या गावांत खांबावर चढणाऱ्या पोराला घरचे पहिला प्रश्न विचारतात, ‘बापू, याचा पुढं उपयोग काय?’ दहावीचे क्रीडागुण, नोकरीतलं ५ टक्के आरक्षण, सगळं स्पर्धेच्या दर्जावर आणि प्रमाणपत्रावर अडतं. त्यामुळे स्पर्धा खरी असणं, तिच्यात दमदार परदेशी संघ असणं, निकालावर विश्वास असणं, हा त्या पोराच्या पोटाचा प्रश्न आहे. खेलो इंडिया युवा स्पर्धेत आणि २०२२च्या गुजरातमधल्या राष्ट्रीय स्पर्धेत मल्लखांब आला, ही त्याच्यासाठी बर्लिनपेक्षा मोठी बातमी आहे.

पुढच्या जागतिक स्पर्धेत एखादी परदेशी मुलगी दोरावर आपल्या मुलीला हरवेल तेव्हा आपली समाजमाध्यमं बहुधा रागावतील, परीक्षकांना शिव्या घालतील. मी त्या दिवशी तिचा संच पुन्हा लावून बघेन. तिची अढी पक्की असेल आणि समालोचक तिला अढीच म्हणत असेल, तर मी टाळ्या वाजवीन.