कल्याण आणि केरळ: एकाच एन्झाइमची दोन नावं

पीएच.डी.च्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: "तुमच्या कामात नवीन काय?" या प्रश्नाच्या धास्तीनं आपण सगळेच 'नवीन' हा शब्द जरा घाईनं वापरतो. आज ज्या कामाबद्दल लिहितेय ते लाल रक्तपेशीतल्या एका एन्झाइमचं आहे, पण माझी तक्रार या घाईबद्दल आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. लाल रक्तपेशीत केंद्रक नाही, मायटोकॉन्ड्रिया नाहीत. म्हणजे नवं प्रथिन बनवायची सोय नाही, आणि आयुष्यभर ऑक्सिजन वाहूनही तो स्वतःच्या ऊर्जेसाठी वापरता येत नाही. साधारण १२० दिवस तिला ग्लुकोजवरच काढायचे असतात. ग्लुकोज आत आला की हेक्सोकायनेज त्याला फॉस्फेट लावतं आणि ग्लुकोज-६-फॉस्फेट तयार होतं. इथून दोन वाटा फुटतात. मोठी वाट ग्लायकोलिसिसची: फॉस्फोफ्रुक्टोकायनेज आणि पायरुव्हेट कायनेज तिचा वेग ठरवतात, एका ग्लुकोजमागे निव्वळ दोन एटीपी मिळतात. दुसरी वाट पेंटोज फॉस्फेटची. तिच्या तोंडाशी ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजनेज, म्हणजे जी-सिक्स-पीडी बसलेलं असतं. एरवी ग्लुकोजचा जेमतेम दहावा हिस्सा इकडे वळतो, पण एनएडीपीएच इथूनच मिळतं. त्याच्या जोरावर ग्लुटाथायोन कामाला तयार राहतं आणि पेशी ऑक्सिडेशनच्या माऱ्यात टिकते.

हे एन्झाइम कमी असलेला माणूस एरवी धडधाकट असतो. मलेरियासाठी प्रायमाक्विन दिलं की मात्र त्याच्या पेशी फुटायला लागतात. कारण एन्झाइमची कमतरता आहे, हे १९५६ मध्ये कळलं. जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यानं त्रास पुरुषांना जास्त.

आता मूळ गोष्ट. १९६८ मध्ये अझेवेडो, कर्कमन, मॉरो आणि मोटुल्स्की यांनी भारतीयांमधल्या या एन्झाइमचे वेगळे प्रकार नोंदवले. त्यातल्या एकाचं नाव 'जी-सिक्स-पीडी केरळ'. १९८४ मध्ये ईश्वाद आणि नाईक यांनी 'ह्यूमन जेनेटिक्स'मध्ये एका कोळी कुटुंबात सापडलेला नवा प्रकार मांडला, 'जी-सिक्स-पीडी कल्याण'. आपल्या ठाणे जिल्ह्यातलं कल्याण जगाच्या यादीत गेलं. आणि १९९२ मध्ये 'ह्यूमन मॉलिक्युलर जेनेटिक्स'मध्ये दोन पानांचा निबंध आला: कल्याण आणि केरळ या दोन्हींत ३१७ व्या जागी ग्लुटामिक आम्ल जाऊन लायसिन आलंय. बदल एकच. आज पुस्तकांत 'केरळ-कल्याण' असं जोडनाव दिसतं.

वर्गात ही गोष्ट सांगितली की मुलं पटकन म्हणतात, "म्हणजे १९८४ चं काम चुकलं." मला हे पटत नाही.

या एन्झाइमचं जनुक १९८६ मध्ये क्लोन झालं. त्याआधी प्रकार ओळखायचा तर एन्झाइमच्या वागण्यावरूनच. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेनं १९६७ मध्ये पद्धती ठरवून दिल्या होत्या. एन्झाइम रक्तातून काढा, थोडं शुद्ध करा, इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये किती पळतं बघा, ग्लुकोज-६-फॉस्फेटसाठी आणि एनएडीपीसाठी केएम काढा, उष्णतेत किती टिकतं, कोणत्या पीएचला चांगलं चालतं, नकली सबस्ट्रेट किती वापरतं ते मोजा. हे सगळं करायला किती रक्त आणि किती दिवस लागतात, हे हातानं केल्याशिवाय कळत नाही. त्या काळाच्या कसोटीवर अशी कामं चोखच म्हणायची.

माझा आक्षेप त्या कसोटीवरच आहे. पद्धत ठरली होती, पण 'वेगळं' कशाला म्हणायचं हे पक्कं नव्हतं. एका प्रयोगशाळेतला आकडा दुसऱ्या प्रयोगशाळेच्या छापील तक्त्याशी लावायचा, जुळला नाही तर नवं नाव. दोन नमुने एकाच दिवशी, एकाच जेलवर, शेजारी शेजारी चालवलेत का, हा प्रश्न मागे पडायचा. अशा रीतीनं जगभरात चारशेहून जास्त प्रकारांना नावं मिळाली. त्यातली बरीच पुढे एकमेकांत विलीन झाली.

आकडे का हलतात? तीन कारणं तरी लक्षात ठेवा. पहिलं, हे एन्झाइम नाजूक आहे. शुद्धीकरणात एनएडीपी निघून गेलं की ते ढिलं पडतं. मग तुम्ही प्रकार मोजताय की त्याचा बिघडलेला अवशेष, हे सांगता येत नाही. दुसरं, आपण ३४० नॅनोमीटरला एनएडीपीएच मोजतो. पण जी-सिक्स-पीडीच्या उत्पादनावर पुढचं एन्झाइम, सिक्स-पीजीडी, काम करतं आणि तेही एनएडीपीएच बनवतं. ते नीट वेगळं झालं नसेल तर एकाच खात्यात दोघांची कमाई जमा होते. तिसरं, पांढऱ्या पेशींतही हे एन्झाइम भरपूर असतं. त्या काढल्या नाहीत तर कमतरता असलेला नमुनाही ठीकठाक दिसतो.

माझंच सांगते. दोन बॅचमध्ये माझा केएम चांगलाच वेगळा आला. मी स्लाइड बनवून ठेवली होती, शीर्षकासकट. सीनियर ताईनं एवढंच विचारलं, "दोन्ही एकाच ट्रेमध्ये लावलंस का गं?" लावलं, आणि फरक गेला. दुसऱ्या वेळी बफरचा पीएच ७.४ ऐवजी ८ होता. माझी 'नवीन' गोष्ट पीएच मीटरच्या कॅलिब्रेशनमध्ये संपली.

१९९२ च्या निबंधाकडेही डोळे झाकून बघू नका. डीएनएनं दोन नावांचा वाद मिटवला हे खरं. ऋण भाराच्या जागी धन भार आला, तर विद्युतक्षेत्रात एन्झाइमची चाल बदलणार हेही समजतं. पण बदल एकच असताना दोन ठिकाणी वर्णनं वेगळी का आली, हे जनुकाचा क्रम वाचून कळत नाही. त्यासाठी परत टेबलावर बसून एन्झाइमच मोजावं लागतं. 'क्रम कळला, विषय संपला' ही नवी घाई आहे, जुन्या घाईची धाकटी बहीण.

आणि यात फक्त नावाचा प्रश्न नाही. प्रायमाक्विन देणाऱ्या डॉक्टरला प्रकाराच्या नावापेक्षा आधी हवं असतं ते एन्झाइम किती चालतंय हे. तिथंही मोजणी फसवते. पेशी फुटण्याचा झटका येऊन गेला की जुन्या, कमी एन्झाइमच्या पेशी आधी गेलेल्या असतात. उरलेल्या आणि नव्यानं आलेल्या तरुण पेशींत एन्झाइम जास्त असतं. त्या दिवसांत चाचणी केली तर अहवाल 'नॉर्मल' येऊ शकतो, आणि तोच माणूस पुढच्या वेळी पुन्हा तेच औषध घेतो. आकडा बरोबर, वेळ चुकलेली.

मला १९९२ च्या निबंधातली सर्वांत आवडलेली गोष्ट लेखकांच्या यादीत आहे. तिथं ईश्वाद यांचं नाव आहे. ज्यांनी 'कल्याण' हे नाव दिलं, तेच ते वेगळं नाही असं सांगणाऱ्या निबंधाचे सहलेखक आहेत. आपण नोंदवलेला प्रकार वेगळा उरला नाही, तर आपल्यापैकी किती जण त्या निबंधाखाली सही करतील?

प्रवेशपरीक्षेची तयारी करताना एवढं करून बघा. तुमच्या विषयातला 'नवीन' असा दावा करणारा एक निबंध घ्या. निष्कर्ष शेवटी वाचा. आधी तक्ता उघडा आणि तीन गोष्टी शोधा: तुलनेचा नमुना त्याच प्रयोगात होता का, मोजणी किती वेळा झाली, आणि आकड्यामागे किती कमी-जास्त दिलंय. यातलं एकही सापडलं नाही तर मुलाखतीत तो निबंध अवश्य सांगा, पण काय राहून गेलंय तेही सांगा.