गाणी पोचतात, खुणा मागे राहतात

अमरावती जिल्ह्यातल्या भातकुली, दर्यापूर, अंजनगाव या पट्ट्यात तुळशीचं लग्न लागलं की डीजेवाल्यांच्या तारखा भरू लागतात. पुढे शिवजयंती, 14 एप्रिल, उन्हाळ्यातल्या वराती, पोळा, गणपती, देवी. त्यांच्या आवाजावर भरपूर लिहून झालं आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहाला बॉक्स बंद व्हायलाच हवेत, याबद्दल माझं दुमत नाही. पण त्यांच्या कलेकडे समीक्षकांचं फारसं लक्ष गेलेलं नाही. ही कला लॅपटॉपमधल्या लायब्ररीत साठत जाते आणि सॉफ्टवेअर बदलायची वेळ आली की निम्मी गळून पडते.

लायब्ररीत दोन गोष्टी असतात. एक, गाण्यांच्या फाइली. त्या पेन ड्राइव्हवर कुणीही देतो. दुसरी, त्या गाण्यांवर केलेल्या खुणा: गाणं कुठून उचलायचं तो क्यू पॉइंट, ठोक्यांची बीटग्रिड, कशानंतर काय याच्या याद्या. हळदीचं गाणं रंगात असताना पोरं ओरडतात, ‘भाऊ, थे गानं लाव ना!’ त्या क्षणी मुखड्याआधीच्या ढोलकीच्या उठाणावर बोट पडावं लागतं. ते उठाण कधीतरी रात्री हेडफोन लावून, पुन्हापुन्हा ऐकून शोधलेलं असतं. या निवडीलाच मी कला म्हणतो.

डीजे सॉफ्टवेअर बनवणारी प्रत्येक कंपनी या खुणा आपापल्या पद्धतीने ठेवते. गावोगावच्या लॅपटॉपवर बहुधा दिसणारं व्हर्च्युअल डीजे त्या एका एक्सएमएल फाइलमध्ये लिहितं. ती साध्या नोटपॅडमध्ये उघडते. ट्रॅक्टर नावाच्या सॉफ्टवेअरची फाइलही तशीच वाचता येते. सेराटो क्यू पॉइंट गाण्याच्या फाइलमध्येच टॅग म्हणून भरतं, याद्या मात्र वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतं. रेकॉर्डबॉक्सने 2020 च्या सहाव्या आवृत्तीपासून आपला डेटाबेस कूटबद्ध केला. एक्सएमएल निर्यातीची खिडकी तेवढी उघडी ठेवली. आपण केलेल्या खुणा आपल्यालाच थेट वाचता येऊ नयेत, हे मला साफ अमान्य आहे.

स्थलांतराची साधनं आहेत. लेक्सिकॉन, मिक्सो यांसारखे प्रोग्रॅम एका घरच्या खुणा दुसऱ्या घरच्या भाषेत लिहून देतात, आणि व्हर्च्युअल डीजे इतरांच्या याद्या थेट दाखवतं. याद्या बऱ्यापैकी नीट जातात. गडबड बारकाव्यांत होते. रेकॉर्डबॉक्समध्ये बटण दाबताच वाजणाऱ्या हॉट क्यूखेरीज नुसती खूण म्हणून ठेवलेले मेमरी क्यू असतात. सेराटोत त्यांना जागाच नाही. एमपी3 फाइलच्या सुरुवातीला एन्कोडरने सोडलेली रिकामी जागा एक सॉफ्टवेअर मोजतं, दुसरं गाळतं. त्यामुळे सगळ्या खुणा साधारण 26 मिलिसेकंदांनी सरकू शकतात. 44.1 किलोहर्ट्‌झच्या एमपी3 मधली एक चौकट, म्हणजे 1152 नमुने, बरोबर एवढ्याच लांबीची असते. मिनिटाला 128 ठोक्यांच्या गाण्यात दोन ठोक्यांमधलं अंतर जेमतेम 469 मिलिसेकंद. पडद्यावर 26 चा फरक दिसत नाही, पण दोन ढोल एकमेकांच्या किंचित मागेपुढे वाजू लागले की रस्त्यावरच्या पायांना तो कळतो.

आपल्या संगीतात ग्रिडचा प्रश्न आणखी बिकट होतो. प्रल्हाद शिंदे यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांत ढोलकी माणसाने वाजवलेली आहे. कडवं चढत जातं तशी लय सरकते. मिरवणुकीतल्या संदल-धुमाल वादनाच्या प्रत्यक्ष रेकॉर्डिंगचंही तेच. अशा गाण्यावर ग्रिड जागोजागी वाकवावी लागते. ट्रॅक्टरमध्ये 2024 च्या चौथ्या आवृत्तीपर्यंत ती सोय नव्हती, म्हणजे दुसरीकडून आणलेली वाकवलेली ग्रिड तिथे सरळ होऊन बसायची. क्लबमधल्या यंत्रनिर्मित ठोक्यांसाठी बांधलेली ही साधनं आमच्या ढोलकीकडे चूक म्हणून बघतात. मला ही या क्षेत्रातली सर्वांत मोठी उणीव वाटते.

उरलेल्या अडचणी रोजच्या. जुन्या लॅपटॉपवर हार्ड डिस्क ‘ई’ होती, नव्यावर ‘एफ’ झाली, की सॉफ्टवेअर जुन्याच पत्त्यावर गाणी शोधत राहतं आणि रेकॉर्डबॉक्सच्या यादीत उद्गारचिन्हांची रांग लागते. जुन्या पद्धतीच्या आयडी3 टॅगमध्ये नावाला 30 बाइट एवढीच जागा, तीही रोमन लिपीपुरती; त्यात देवनागरी बसत नाही. ‘जय भीम’च्या जागी प्रश्नचिन्हं उरतात. शिवाय अमरावती-अकोल्यात घरी बसून केलेल्या रिमिक्सची नोंद बहुधा कुठल्याच ऑनलाइन सूचीत नसते. एकदा नाव गेलं की ते गाणं वाजवून ऐकल्याशिवाय ओळखता येत नाही.

कंपन्यांना घाई का नाही, तेही उघड आहे. खुणा अडकल्या की माणूस अडकतो. रेकॉर्डबॉक्सवाल्या अल्फाथीटाने सेराटो विकत घ्यायचं ठरवलं, तेव्हा न्यूझीलंडच्या वाणिज्य आयोगाने जुलै 2024 मध्ये स्पर्धा घटेल म्हणून परवानगी नाकारली. निर्णय योग्यच होता. मात्र दुकानं दोन राहिली तरी एकातून दुसऱ्यात सामान नेता आलं पाहिजे. तो हक्क मागायला हवा.

तोवर खुणेचा जेवढा भाग फाइलीसोबत प्रवास करतो, तेवढा तिथेच लिहावा. फाइलच्या नावात गाणं, गायक, रिमिक्स करणारा आणि ठोके. कॉमेंटच्या रकान्यात ‘हळद’, ‘वरात, शेवट’, ‘मुखडा 0:42’. फोल्डर प्रसंगाप्रमाणे. कॉमेंटचा हा रकाना चारही सॉफ्टवेअर वाचतात. आणि बदल करायचाच तर तो आषाढात, तारखा नसताना. आधी मोजकी गाणी नेऊन, त्यांत एक जुनं ढोलकीचं, एक धुमालचं आणि एक देवनागरी नावाचं धरून. हेडफोनमध्ये ती तिन्ही जागेवर वाजली, तरच बाकीची हलवावीत.